लिलावाआधी यंत्राचे नाव तरी विचारा



शेतकी खात्याच्या शेडमागे जे जुने लोखंड पडून आहे, त्याच्या लिलावाची नोटीस आपण ऑफिसच्या फलकावर वाचली असेलच. गळीत सुरू होण्याआधी आवार मोकळे व्हावे, ट्रॅक्टर-ट्रॉल्या वळायला जागा व्हावी, हा संचालक मंडळाचा हेतू रास्तच आहे. आम्ही कारखान्याचे नोकर. मंडळाच्या निर्णयावर बोट ठेवणे आमचे काम नव्हे. पण ऊस विकासाचे काम आमच्याकडे आहे आणि त्या ढिगातले काही लोखंड उसाच्याच कामाचे आहे, म्हणून आमचे मत आपल्या या पत्रिकेतून मांडण्याची परवानगी घेतली.

नोटिशीत लिहिले आहे, 'निकामी शेती अवजारे, अंदाजे वजन इतके'. आमची हरकत या 'अंदाजे वजन' शब्दांना आहे. त्या ढिगात चार पॉवर टिलर आहेत, पाच-सहा लोखंडी नांगर आहेत, एक जुने इंजिन आहे, आणि कसले आहेत ते सांगता येत नाही असे दोन गिअर बॉक्स आहेत. कुठले यंत्र कोणत्या कंपनीचे, कोणत्या नंबरचे, कशाने बंद पडले, याची एका ओळीची नोंद कुठे नाही. ज्याचे नाव माहीत नाही ते निकामी आहे हे कोणी ठरवले? गोठ्यातली म्हातारी म्हैस विकतानासुद्धा आपण तिची वेते मोजतो, सड बघतो. यंत्राला मात्र थेट काट्यावर चढवतो.

हे शहाणपण आमचे स्वतःचे नव्हे. ते आम्हाला घाटाखाली मिळाले, आणि तेही आमची फजिती होऊन. ती हकीगत आधी सांगतो.

आमचे आजोळ पोलादपूर तालुक्यात, सावित्रीच्या खोऱ्यात. महाबळेश्वराच्या एकाच डोंगरातून कृष्णा निघून आपल्या उसाकडे येते आणि सावित्री पश्चिमेला उडी टाकून पोलादपूर, महाडकडे जाते. पाऊस तोच, पण आपल्याला तो पाटाने मिळतो आणि त्यांना लोंढ्याने. दिनांक २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरावर एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. महाड शहर पाण्याखाली गेले. तळीये गावावर दरड येऊन माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि सुतारवाडीत तसेच झाले. त्या दुःखापुढे यंत्राची गोष्ट किरकोळ आहे हे आम्ही जाणतो. पण माणसे सावरल्यावर पोटाचा प्रश्न येतोच, आणि खाचरातली लावणी कशाने करायची हा पोटाचाच प्रश्न असतो.

घाटरस्ते दरडींनी बंद होते. लांबचा वळसा घालून आम्ही मदतीच्या टेम्पोबरोबर गेलो. धान्य, चादरी वाटून झाल्यावर आजोळी डोकावलो. मामांचे घर उंचावर म्हणून वाचले होते, खालचा गोठा मात्र गाळाने भरला होता. गाळ उपसताना एका कोपऱ्यात टिलरचे दोन दांडे वर आले. बाकी सगळे यंत्र चिखलात.

आम्ही म्हटले, "मामा, हे आता भंगारच."

मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. फावड्यावर हात ठेवून म्हणाले, "भंगार हाय का न्हाय ते सांगायला भंगारवाला येतोच की दाराशी. तू शेतकीचा शिकलेला, तू दुसरं काय सांगतोस ते सांग."

या बोलण्याने आम्ही ओशाळलो आणि भरीस पडलो. दांड्याखालच्या पेटीवरचा गाळ पुसला, पट्टीवर मित्सुबिशीचे नाव दिसले. झाले! आम्ही ऐटीत यंत्राची कुंडली सांगितली. आपल्याकडे हे टिलर बेंगळुरूच्या व्ही. एस. टी. कंपनीने जपानच्या मित्सुबिशीशी करार करून बनवले, ती कंपनी १९६७ ची, वगैरे. मामा ऐकून घेत होते. घाटावर परत आल्यावर त्या मॉडेलच्या पिस्टन रिंगा, गॅस्केट, ऑइल सील असे सामान शोधून विकत घेतले आणि पुढच्या खेपेला घेऊन गेलो. महाडचे एक वयस्कर मिस्त्री इंजिन खोलायला आले होते. त्यांनी रिंग सिलिंडरात धरून पाहिली आणि खाली ठेवली. बसत नव्हती. मग ते इंजिनाच्या बैठकीकडे वाकले, बोटाने चाचपले आणि हसू लागले.

"सायेब, ह्यो गणपती हाय. धड येकाचं, मुंडकं दुसऱ्याचं."

खरेच होते. चौकटीवर इंजिन बसवायची मूळ चार भोके मोकळी होती, आणि त्यांच्या शेजारी गॅस कटरने पाडलेली वेडीवाकडी नवी भोके होती. मधे लोखंडी पट्टीची पॅकिंग घातलेली. धड मित्सुबिशीचे होते, पण वरचे इंजिन कुबोटा जातीचे, केरळातल्या कॅम्को टिलरवर येते ते. कॅम्को ही केरळ सरकारची कंपनी, १९७३ ची. पहिले इंजिन फुटल्यावर मामांच्या मोठ्या मुलाने कोणाकडून तरी हे बसवून घेतले होते आणि तो नोकरीला मुंबईस गेल्यावर ती गोष्ट घरात कोणाच्या लक्षात राहिली नाही. आमचे पैसे गेले. कृषी पदविकेचा कागद घरी भिंतीवर आहे, त्याच्याकडे बघायला काही दिवस संकोच वाटला.

तेव्हापासून आम्ही एक नियम धरला आहे. आधी ओळख पटवायची, मग पान्हा उचलायचा. आणि ओळख पटवताना धडाची वेगळी, इंजिनाची वेगळी. टिलरला चासीचा नंबर निराळा असतो आणि इंजिनाचा निराळा. जुन्या टिलरांवर अशी कलमे फार झालेली आहेत, एकाच पट्टीवर विसंबू नये.

ही पट्टी सापडायलाही पुण्य लागते. आपण दर खंडेनवमीला यंत्र धुतो, हळदकुंकू वाहतो, आणि कोणी हौशी असला तर ऑइल पेंटचा हात फिरवतो. वर्षानुवर्षांचे कुंकू आणि रंग साचून पट्टीवरची अक्षरे बुजतात. पण त्या थराखालीच ती गंजापासून वाचलेली असतात. म्हणून कृपा करून ग्राइंडर फिरवू नका, पॉलिश पेपर घासू नका. अक्षर एकदा गेले की गेले. फडक्याला रॉकेल किंवा डिझेल लावून भिजत ठेवावे, लाकडाच्या किंवा बांबूच्या कामटीने थर काढावा, मग पट्टीवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासावी. लहानपणी आपण नाण्याचा छाप उठवायचो तसे. डोळ्यांना न दिसणारा आकडाही कागदावर उठतो. महाडच्या मिस्त्रींनी आमच्या देखत चासीचा पूर्ण नंबर असाच काढला.

पट्टीच नसेल तर नट-बोल्टकडे बघावे. इंग्लिश यंत्रे आणि त्यांच्या नकलेवर आपल्याकडे झालेली जुनी यंत्रे इंचाच्या मापाची. जुने फिटर अजून 'चार सुताचा बोल्ट' म्हणतात, म्हणजे अर्धा इंच. जपानी टिलर सगळा मिलिमीटरचा, त्याला बारा, चौदा, सतरा, एकोणीसचे पान्हे लागतात. कुठला पान्हा घट्ट बसतो एवढ्यावरून निम्मी जात कळते. आणि एकाच यंत्रावर दोन्ही मापे सापडली तर समजावे की मधे कोणीतरी हात घातला आहे. चुकीचा पान्हा जोर लावून फिरवणे मात्र टाळावे. नटाचे कोपरे मोडले की पुढे छिन्नी आणि छिन्नीनंतर गॅस, हा क्रम ठरलेला.

इंजिनांचेही तेच. आपल्या भागात 'लिस्टर' म्हणून ओळखली जाणारी संथ चालीची, मोठ्या चाकांची इंजिने पुष्कळ होती. मूळ लिस्टर इंग्लंडातल्या डर्स्ली गावची. पण आपल्याकडे आलेली बरीचशी राजकोटकडे तयार झालेली, लिस्टरच्या धाटणीची. चालायला तीही दणकट. फक्त भाग मागवताना मूळ कोणते आणि नक्कल कोणती हे ठाऊक पाहिजे, कारण मापे थोडी थोडी हलतात. कूपर इंजिनाचे नाव तर इथे सांगायलाच नको. सातारा रोडचा तो कारखाना १९२२ चा, आणि त्याचे धनी सर धनजीशा कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. इंजिनवाला माणूस मुख्य कारभारी झाला, ही आपल्या मातीतली गोष्ट आपल्याच मुलांना माहीत नसते.

आणखी एक जागा सांगतो, ती कोणाला सुचत नाही. जुने दप्तर. टिलर किंवा इंजिन रोखीने घेणारा विरळा. विकास सोसायटीचे, बँकेचे किंवा भूविकास बँकेचे कर्ज असायचे. तारणाच्या कागदात यंत्राचा मेक, इंजिन नंबर, चासी नंबर लिहिलेला असतो. भूविकास बँका बंद झाल्या, पण घरच्या पत्र्याच्या पेटीत कर्जमंजुरीचा कागद निघतो, सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजाची नोंद निघते. मामांच्या पेटीत डीलरची पावती निघाली, तीवर मूळ इंजिनाचा नंबर होता. ती आम्ही आधी मागितली असती तर रिंगांचे पैसे वाचले असते.

आता दुरुस्तीबद्दल. पुरात बुडालेले यंत्र सापडल्याबरोबर हँडल मारून बघण्याचा मोह फार होतो. तोच घातक. सिलिंडरात पाणी असेल तर ते दाबले जात नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी फक्त तेल सोडले. आधी पाणी आले, मग चहासारखा गाळ, मग काळे तेल. टाकी उतरवून धुतली. इंजेक्टर काढला, त्या भोकातून डिझेल आणि रॉकेल ओतले आणि भोक फडक्याने बंद करून निघून गेले. आम्ही विचारले, "आता?" म्हणाले, "आता काय न्हाय. आठ दिस ऱ्हाऊ दे." आठ दिवसांनी आले, फ्लायव्हीलला हाताने किंचित रेटा दिला, हलले नाही. पुन्हा ओतले, पुन्हा गेले. मामांच्या धाकट्या मुलाला दम निघेना, तो घण घेऊन आला होता. त्याला मामांनी बांधावर बसवून ठेवले. तिसऱ्या खेपेला चाक दोन बोटे सरकले. त्यानंतर इंजिन पूर्ण खोलले, लायनर आणि रिंगा बदलल्या, या खेपेला योग्य त्या. फ्युएल पंप आणि नोझल वर्कशॉपमध्ये तपासून आणले. क्लचच्या पट्ट्या नव्या घातल्या. गिअर पेटीतला गाळ तीन वेळा डिझेलने धुवावा लागला. रंग दिला नाही. मिस्त्री म्हणाले, रंगाचे पैसे ऑइल सीलला घाला.

पुढच्या आवणाला टिलर खाचरात उतरला. धूर जास्त टाकतो, उजवा क्लच अडकतो, पण चिखलणी केली.

सभासद म्हणतील, ती कोकणची भातशेती, तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, वीतभर खाचरे. आपल्या उसाला त्याचे काय? तर ऐका.

खाचर लहान, बांध अरुंद, एकातून दुसऱ्यात फळी टाकून यंत्र उतरवायचे. तिथे ट्रॅक्टर जातच नाही. म्हणून त्या लोकांनी जुने टिलर टिकवले, आणि टिलरबरोबर तो दुरुस्त करणारा हातही टिकवला. आपल्याकडे ट्रॅक्टर आला, नांगरटीपासून वाहतुकीपर्यंत सगळे त्याच्यावर गेले आणि टिलर कोपऱ्यात पडला. आता बैलजोड्या राहिल्या नाहीत, खुरपणीला माणूस मिळत नाही, आणि सरीतल्या तणाला आणि बाळबांधणीला मोठा ट्रॅक्टर चालत नाही. नेमकी या कामाची रुंदी टिलरला आहे. त्याचा रोटर साधारण ६० सेंटिमीटर. साडेचार फुटी सरीत दोन्ही बाजूंना ऊस न दुखवता तो जातो. मागे चालायचे कष्ट आहेत हे खरे. संपूर्ण एकर ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यांनी फिरवायचा म्हटले तर पावणेसात किलोमीटर चालणे होते. पण साडेचार फुटी सरीत एकेकदा जायचे तर एकराला तीन किलोमीटर. तरण्या पोराला तीन किलोमीटर जड नाही. जड वाटते ते मोबाईल खिशात ठेवून चालावे लागते म्हणून, असे आमचे मत, राग नसावा.

हे यंत्र मुळात आपल्यासारख्या तुकड्यांच्या शेतीसाठीच आहे. फिरत्या पात्यांनी जमीन भुसभुशीत करायची कल्पना १९१० च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या मायेनबुर्गने पेटंट केली. ऑस्ट्रेलियात क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने वडिलांच्या शेतावर प्रयोग करून १९२० मध्ये आपले पेटंट घेतले. आपण सगळे ज्याला 'रोटाव्हेटर' म्हणतो ते नाव त्या हॉवर्डच्या यंत्राचे. उलट वाचले तरी इंग्रजीत तेच अक्षर येते. पुढे जपानी लोकांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या चिमुकल्या भातखाचरांसाठी चालता टिलर घरोघर नेला, आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीस तो आपल्या देशात आला. इंग्लंडात आता अशी जुनी बागयंत्रे जमवणारे हौशी लोक संघ करून आहेत. ते ती घासूनपुसून प्रदर्शनात मांडतात. त्यांच्या चिकाटीचे कौतुक आहे, पण आपल्याला शोभेची यंत्रे नकोत. चार सऱ्या ओढील ते यंत्र आपले.

शेडमागच्या नांगरांविषयी मात्र मत थोडे वेगळे. ते पुन्हा जमिनीत जाणार नाहीत हे आम्हालाही कळते. पण त्यातल्या एकावर उठावाच्या अक्षरांत किर्लोस्करांचे नाव आम्ही हात फिरवून वाचले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन विषारी होईल. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोडजवळच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी झाली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा नांगरासाठी दिल्याचे सांगतात. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या रानात तोफांचे लोखंडही फिरले असेल. त्याच वाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले, कारखान्याचे पत्रक म्हणूनच. आपली ही पत्रिका त्याच जातीची, म्हणून ही आठवण इथे.

असाच एक नांगर आम्ही महाड तालुक्यात पाहिला. उडवीवरचे गवत वाऱ्याने उडू नये म्हणून वजनाला ठेवला होता! तीन-चार बैलजोड्यांचा तो नांगर खाचरात काय करणार? घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितले, सासरे घाटावर वाट्याने शेती करायला होते, येताना कौतुकाने घेऊन आले. त्यांनी तो एकदाही चालवला नाही आणि विकलाही नाही. पुरात गवत गेले, उडवी गेली, नांगर होता तिथेच. अशा एका नांगराला कारखान्याच्या दारात चौथऱ्यावर जागा द्यायला किती खर्च येतो? बाकीचे खुशाल जाऊ देत.

उलट बाजूही मांडली पाहिजे. जुना टिलर सगळाच राखण्यासारखा नसतो. गिअर पेटीच्या बिडाला तडा असेल तर नाद सोडावा. बीड साध्या वेल्डिंगने सांधत नाही, त्याला निकेलची कांडी आणि तापवण्याचे तंत्र लागते, आणि एवढे करून ते जोराच्या ठिकाणी टिकेलच असे नाही. भाग मिळत नाहीत ही तक्रारही खरी आहे. म्हणून एकाच जातीची दोन-तीन यंत्रे एकत्र असली तर त्यांतून एक उभे राहते, आणि म्हणूनच विखरून विकण्याआधी जात कळली पाहिजे. आमच्या अंदाजाने शेडमागच्या चारांतून दोन टिलर चालू होतील, तिसरा भागांसाठी ठेवावा लागेल, चौथा आनंदाने लिलावात द्यावा. शिवाय जुन्या यंत्राला पट्ट्यांवर जाळी नसते, सैल कपड्याने काम करणाऱ्याचा जीव जातो. दुरुस्तीत पहिली खरेदी जाळीची असावी. आणि उताराची गोष्ट लक्षात ठेवावी. सपाटीवर डाव्या दांड्याचा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो, पण उतार उतरताना दाबला तर उजवीकडे जातो. पोलादपूरच्या पोरांना हे चालताना कळते, आपल्याकडच्या सपाट रानात शिकलेल्याला कालव्याच्या भरावावरून उतरताना कळते, तेव्हा उशीर झालेला असतो.

नवे यंत्र अनुदानातून मिळते, मग जुन्याची उस्तवार कशाला, असे आमचे काही सहकारीच विचारतात. कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झाले, त्यातून नव्या यंत्राला, अवजारे बँकेला मदत मिळते. चांगलीच योजना आहे, ज्यांना मिळेल त्यांनी जरूर घ्यावे. पण ती मदत खरेदीला असते, जुन्याच्या दुरुस्तीला नव्हे. ज्या सभासदाचा ऊस दीड एकर आहे त्याला आपल्या हिश्शाची रक्कमही एकदम उभी करता येत नाही. त्याच्या गोठ्यात भावाच्या वाटणीतला टिलर पडलेला असेल, तर त्याला रिंगांचा एक संच आणि चांगला मिस्त्री हवा आहे. ही सोय सरकार नाही, कारखानाच करू शकतो. आपल्या वर्कशॉपचे फिटर गळीत संपल्यावर ओव्हरहॉलिंगच्या आधी काही दिवस मोकळे असतात.

म्हणून मंडळाकडे आमची विनंती इतकीच. लिलाव तीन आठवडे पुढे ढकलावा. त्या मुदतीत शेतकी खाते आणि वर्कशॉप मिळून ढिगातल्या प्रत्येक यंत्राची मेक, नंबर, उणिवा अशी नोंद करील. मग जे जायचे ते नावानिशी लिलावात जाऊ द्या, भावही जास्त येईल. 'कूपर इंजिन' म्हणून विकले तर घेणारा वेगळा भेटतो आणि 'लोखंड' म्हणून विकले तर वेगळा.

आणि सभासदांनी आपल्या गोठ्यात, वळचणीला जुना टिलर, इंजिन, कडबा कापायचे यंत्र काही असेल तर वर सांगितल्याप्रमाणे कागदावर पेन्सिलीने पट्टीचा छाप उठवून, मागे आपले नाव, गाव, खाते क्रमांक लिहून गट ऑफिसला द्यावा. यंत्र आणू नये, कागद पुरे. पट्टी सापडली नाही तर 'पट्टी नाही' असे लिहून कोणता पान्हा बसतो तेवढे कळवावे. एकाच जातीची यंत्रे कोणाकोणाकडे आहेत ते जुळवून आम्ही त्या सभासदांची एकमेकांशी गाठ घालून देऊ. कोणाचे इंजिन आणि कोणाचे धड जमले तर गणपती करायलाही आमची हरकत नाही. फक्त या खेपेला कागदावर लिहून ठेवू.

मामांचा टिलर सध्या चालू आहे. उजव्या क्लचची केबल आम्हाला येत्या खेपेला न्यायची आहे. ती मित्सुबिशीचीच लागेल, कारण धड त्याचे आहे.